पांडूतात्यांचा एकच प्रश्न
शहापुरात नव्या प्लॉटिंगची कमान उभी राहिली की पहिलं गिऱ्हाईक आमचे पांडूतात्या. घ्यायचं काहीच नसतं. थंडगार ऑफिसात बसून सरबत प्यायचं, स्विमिंग पूलचं वर्णन निमूट ऐकायचं, म्हशाच्या जत्रेत बैलाचे दात बघावेत तसा नकाशा बघायचा आणि शेवटी विचारायचं, “ह्यो रस्ता फुडं जातो कुठं?”

टायवाले साहेब गोंधळतात. रस्ता कुठेच जात नाही, तो प्रोजेक्टपुरता आहे, असं समजावतात. तात्या हात जोडून उठतात. “मंग रस्ता कशाला म्हनता? ही बाटली हाय. तोंडातून आत, तोंडातूनच भायेर.”

जन्मभर भात लावलेला हा माणूस आमच्या सोसायटीशेजारच्या जुन्या आळीत राहतो. त्यांच्या मते मुरबाडच्या रस्त्याला आता बाटल्याच बाटल्या आहेत आणि एकीतून दुसरीत जायची सोय नाही. समोर दिसणाऱ्या बिल्डिंगीत दूध टाकायलाही हायवेवरून वळसा. आम्ही फ्लॅटवाले याला प्रगती म्हणतो. नाहीतर गाड्या घेतल्या कशाला?

आमच्या आवारातून मागच्या पाड्याकडे पायवाट जायची. आम्ही तिथे सुरक्षेसाठी भिंत घातली. चोर आजवर एकही आला नव्हता, पण आम्ही दूरदृष्टीची माणसं. ठराव मीच मांडला, सेक्रेटरी ना मी! तात्या मीटिंगला येऊन बसले होते. सभासद नसल्यामुळे त्यांना बोलू दिलं नाही.

महिन्याभराने वॉचमनने तक्रार आणली की तात्या रोज चार वाजता भिंतीशी स्टूल टाकून एकटेच बडबडतात. नियम दाखवायला मी गेलो, तर पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

ती त्यांची पाड्यावर राहणारी थोरली बहीण. तिला दिसत नाही, पण ती पायवाट पायांना पाठ होती. रोज एकटी चालत भावाकडे चहाला यायची. भिंत कायमची आहे हे तात्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. पाइपाचं काम चाललंय, म्हणून आडोसा केलाय, असं सांगितलं होतं.

“झालं काय रे काम?” तिनं विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “नाय गो आक्का, अजून नाय. मानसं चांगली हायेत. करतील.”