बस्त्यावकाकांची बिनटपाची मोटार

बस्त्यावकाका मोटार एका हाताने चालवत. दुसऱ्या हातात छत्री असे. दर रविवारी मिसा संपली की ते याच थाटात चर्चपासून आपल्या केळीच्या वाडीपर्यंत येत. वेग बैलगाडीच्या जरासा पुढे. गिअर बदलायचा झाला की छत्री मानेत धरत. वाऱ्याने ती उलटली तर मोटार थांबवून सुलटी करत आणि मग निघत.

वाटेवरच्या बायका ओरडत, "काका, गाडीला टप हाय ना? मग छत्री कशाला?"

"बुकात लिवलंय," काका म्हणत.

हे बुक म्हणजे मोटारीबरोबर विलायतेहून आलेली इंग्रजी माहितीपुस्तिका. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरीही चाकात हवा किती भरावी इथपासून केळीला पाणी कधी द्यावं इथपर्यंत सगळं त्या बुकात होतं.

मी त्यांचा शेजारी. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याची नोकरी करायचो. काकांची माहितीही तपासायची खोड लागली. निर्विवाद ती एवढी: काका मुंबईत एका इंग्रज साहेबाचे ड्रायव्हर होते. मोटार साहेबाने बोटीने आणवली. इंजिन एका कारखान्याचं, वरचा सांगाडा दुसरीकडे हातांनी ठोकून घडवलेला. आत अक्रोडाच्या लाकडाची फळी आणि लाल कातडी गाद्या. वळायचं असलं की दाराजवळच्या खांबातून वीतभर बाण बाहेर पडे आणि त्यात दिवा लागे. कापडी टप तीन तऱ्हांनी बसे: पूर्ण उघडा, पूर्ण बंद, किंवा ड्रायव्हर उन्हात आणि मागे मडम सावलीत. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेला. जाताना मोटार काकांना देऊन गेला.

अशा मोटारी किती बनल्या, हे मात्र नक्की होईना. एका वर्षी काका म्हणाले, "जगात नऊ." पुढच्या वर्षी म्हणाले, "सात."

"दोन कमी कशा झाल्या?" मी विचारलं.

"मेल्या असतील. वय झालं ना."

त्याच वर्षी मोनिकाकाकू वारल्या. काकू गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मूलबाळ नव्हतं. काकू गेल्यावर मोटारीचा टप खाली गेला तो वर आलाच नाही, आणि छत्री आली.

दोन वर्षांनी सेलिनचं लग्न ठरलं. सेलिन समोरच्या कातरिनची मुलगी, काका-काकूंची धर्मकन्या. 'लग्नाला तू आमच्या मोटारीतून जाशील, टप लावून, मडमसारखी,' असा शब्द काकूंनी तिला लहानपणीच दिला होता. कातरिन त्याची आठवण द्यायला आली तेव्हा मी तिथेच होतो.

"मोटार देतो," काका म्हणाले. "टप नाय."

"अवो, रस्ता मातीचा. पोरीचा पांढरा झगा चर्चला पोचेपर्यंत काय राहील?"

"मी छत्री धरीन."

"आनि गाडी कोन चालवील? छत्री?"

"बुकात लिवलंय, टप लावायचा नाय."

कातरिन उठली. "जाईल ती बैलगाडीनं. पन मोनिकाबायचा शब्द मोडला, हे मी गावात कुनाला सांगनार नाय."

ती गेल्यावर मी काकांकडे बुक मागितलं. त्यांनी ते लगेच दिलं. टपाचं पान सापडलं. समासात काकूंच्या पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं: 'हे उजवीकडे, मी डावीकडे. तीन मी म्हणायचं.'

"काय लिवलंय?" काकांनी विचारलं.

"टप लावायचा नाही, असं कुठेही नाही."

"एकट्यानं?"

मी पुन्हा वाचलं. "एकट्याने लावू नये. कमान वाकते. दोन्ही बाजूंनी दोघांनी एकदम उचलावा."

"तेच सांगतोय ना मी दोन वरसं."

"मग मला हाक मारायची. मी कुंपणापलीकडेच राहतो."

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि मोटारीचा स्वच्छच असलेला आरसा पुसायला घेतला.

लग्नाच्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "पेपरवाल्या, येतोस काय जरा?"

मोटार अंगणात उभी होती. छत्री कुंपणाला टांगलेली. मी डावीकडे जाऊन टपाची कड धरली, कारण उजवी बाजू काकांची.

"तिथं नाय," काका म्हणाले.

त्यांनी मला उजवीकडे उभं केलं आणि स्वतः डावीकडे गेले. दोन वर्षं मिटून राहिलेलं कापड घड्यांवर चिरलं होतं, कुबट वास येत होता. काकांनी लोखंडी कमानीवर हात ठेवला.

"एक," ते म्हणाले. "दोन."

आणि थांबले. मी समास वाचला होता, म्हणून पुढचा आकडा उच्चारला नाही. कातरिनच्या अंगणात बँडवाले बाजे जुळवत होते.

मग डावीकडून, जेमतेम ऐकू येईल असं, कुणीतरी म्हणालं, "तीन."