आधी कान, मग लंगोट

जव्हारमध्ये कुणाकडे बारसं असलं की आमच्या शेजारच्या दत्तूला बोलावू नये, असा बायकांचा अलिखित ठराव आहे. हा माणूस पाळण्यापाशी गेला की बाळाचं नाव विचारत नाही, ते कुणावर गेलंय तेही बघत नाही. सरळ आपलं नाक बाळाच्या कानाला लावतो. मग खाली हात घालून ओला लंगोट ओढतो आणि डोळे मिटून असा हुंगतो, की बघणाऱ्याला वाटावं स्वारी अत्तराच्या दुकानात उभी आहे.

"आधी कान, मग लंगोट," तो मला शिकवणी दिल्यासारखं सांगतो. "कानातल्या मळाला वास आधी येतो, वहिनी."

एस.टी. स्टँडवर एका अनोळखी बाईच्या कडेवरचं पोर हुंगलं म्हणून त्याने छत्रीचा मार खाल्लाय. छत्री मीच सोडवली. ती मोडली होती, ती गोष्ट वेगळी.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा दत्तू हाफचड्डीत होता आणि मी गॉगलमध्ये. हो, नळावर पाणी भरायला मी गॉगल लावून जात असे. पालघरहून आले होते, पण थाट विलायतेहून आल्याचा. डोक्यावर हंडा, डोळ्यांवर काळी काच, त्यामुळे पायाखालचं शेण दिसायचं नाही आणि मी घसरायची. ती गॉगलवाली मी आज मला भेटले तर दोन धपाटे घालीन. मीच तेव्हा अख्ख्या नळाला सांगितलं होतं, "हा दत्तू फार तर कचेरीत शिपाई होईल. मला माणसं बरोबर कळतात."

दत्तू शिकत शिकत पार दूरच्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिकडेच लग्न केलं. आणि एक दिवस एकटाच परत आला. सोबत कॉम्प्युटरची खोकी, बायको नाही. "असा कसा आलास रे?" म्हटलं, तर म्हणाला, "काम इथूनही होतं."

मी कामाचं विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून तो माडीवर बसून प्रोटीन बनवतो. पडद्यावर रंगीत फिती गोल गोल फिरत असतात, लग्नाच्या मांडवाला लावतात तशा. मला समजेल असं त्याने एकदा सांगितलं. दुधातलं, डाळीतलं प्रोटीन अंगात गेलं की त्याचे तुकडे होतात. लागतील तेवढे शरीर वापरतं, उरलेले आणखी तोडून टाकतं. काही बाळांच्या अंगात काही तुकडे तोडणारा कोयताच जन्मापासून नसतो. मग ते तुकडे साचतात, मेंदूत विष होतं.

"आणि तान्हं बाळ तर दूधच पितं," मी म्हटलं.

"आईचंच," तो म्हणाला. "विष झालं की लघवीला जळक्या साखरेचा वास येतो."

दत्तू तो कोयता बनवतो. कोयता म्हणजेही प्रोटीनच, मण्यांची लांब माळ, आपोआप दुमडून तिला धार येते. एक मणी बदलला की सगळी घडी बदलते. कॉम्प्युटर घड्या सुचवतो, दत्तू त्यातली एक निवडून शहरात पाठवतो, तिथे ती खरोखर तयार करून बघतात. मग उत्तर येतं. दुमडलं नाही. किंवा, दुमडलं पण कापत नाही. किंवा, नळीत कापतं, उंदराच्या अंगात टिकत नाही. प्रत्येक उत्तरानंतर दत्तू जिना उतरून माझ्याकडे चहाला येतो आणि म्हणतो, "अजून बसत नाही."

हे त्याचं पालुपद. दाराची कडी असो की माझी कवळी, बसत नाही. एकदा मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात त्याने मुलामुलीकडे निरखून पाहिलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाला, "मध्ये मोकळी जागा फार राहते. बसत नाही." लग्न झालं, मुलगी वर्षाच्या आत माहेरी आली, आणि दोन्ही घरांनी दत्तूशी बोलणं टाकलं.

जामसरची जानकी मला भाजी आणून देते. तिची सून सुमन बाळंत झाली, तेव्हा जानकी दारात टोपली ठेवता ठेवता कौतुकाने म्हणाली, "आजी, नात कशी गोड वासाची झाली! पहिला पोऱ्या गेला, तोपण असाच वासाचा होता. देवाच्या घरची पोरां ही."

माडीवरच्या खुर्चीचा आवाज झाला. दत्तू अनवाणीच खाली आला. "दूध पिते का?"

"कालपास्नं नाय. निजूनच हाय."

त्याने जीप ठरवली आणि मलाही आत कोंबलं. जामसरला त्याने कान हुंगला, लंगोट हुंगला, आणि सुमनला बाळासकट गाडीत बसवलं. मोखाड्यावरून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. बाळ कमानीसारखं ताठ होत होतं. मांडीवरच्या कॉम्प्युटरवर दत्तू तिथल्या डॉक्टरांना निरोप लिहीत होता, आणि त्यामागे त्या फिती फिरत होत्या.

सुमनने बोट दाखवलं. "दादा, सासू सांगते तो याच दुखण्याचा दवा ना हा?"

"हाच."

"मग द्या ना."

दत्तूने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "अजून बसत नाही गं," म्हणाला.

घाट संपायच्या आत बाळ गेलं. सुमनला पान्हा आला होता. ती नुसती पदर दाबून बसली.

घरी आल्यावर दत्तूने अंघोळ केली आणि माडीवर जाऊन काम सुरू केलं. गल्ली म्हणाली, दगड आहे. मीही म्हटलं. गॉगल काढून किती वर्षं झाली, तरी माझं हे असं.

त्यानंतर दोनदा भात कापून झाला असेल. एका सकाळी दत्तूच्या पायरीवर सुमन उभी. कडेवर गाठोडं, गाठोड्यात नवं बाळ.

"दादा, वास घ्या."

दत्तू खाली आला. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. आधी कान. मग लंगोट. बराच वेळ त्याने तो नाकाला धरून ठेवला. सुमन पापणी हलवत नव्हती.

"नुसता मुताचा वास आहे," दत्तू म्हणाला. "घाणेरडा." मग स्वतःला आवरून म्हणाला, "तरी रक्ताचा थेंब तपासायला पाठवू. नाकावर जायचं नाही." पण लंगोट काही तो खाली ठेवीना.

सुमन मटकन पायरीवर बसली आणि हसत रडायला लागली. बाळ तिने दत्तूच्या हातात दिलं, की त्यानेच ते घेतलं, मला कळलं नाही. इतक्या वर्षांत त्याला बाळाच्या तोंडाकडे बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. धरलं मात्र बरोबर होतं, मानेखाली हात घालून, सवय असल्यासारखं.

"वहिनी," तो बाळाकडेच बघत म्हणाला, "आमच्या पोरीला किती छान वास यायचा हो. मी सगळ्यांना बोलावून बोलावून तो घ्यायला लावायचो."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर घालायला डबा उघडला, आणि तसाच बंद केला.