पहिल्या बॅचचे कांबळे सर

आमच्या शेजारचे कांबळे सर स्वतःचं नाव फारसं सांगत नाहीत. ‘पहिली बॅच’ एवढंच म्हणतात. दवाखान्यात वय विचारलं तरी तेच उत्तर. एकदा मानवतच्या एसटीत अर्ध्या तिकिटासाठीही त्यांनी हेच पुढं केलं. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "काका, बॅचला सवलत न्हाई. आधार दाखवा."

बॅच म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाची. सर सांगायला बसले की समोरचा चहा निवतो. "इथं काय होतं? नुसतं काळं रान. वर्ग पत्र्याच्या शेडात. पाऊस आला की मास्तरांचे ओठ हलायचे अन् आमी माना हलवायचो."

त्या पोरांनी तेव्हा रस्त्याच्या कडेला एकेक कडुलिंब लावला. सर अजून ती झाडं लावणाऱ्याच्याच नावानं ओळखतात. परवा एका विद्यार्थ्यानं झाडाला मोटारसायकल टेकवली, तर म्हणाले, "देशमुखाला रेटू नको बाबा, तो आधीच वाकलाय." पोरगं बिचारं गाडी घेऊन पार कॅन्टीनपर्यंत गेलं.

मी हसतो, पण ऐकतो. चारठाण्याच्या आमच्या शेळ्या राखणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर. प्रवेशाच्या दिवशी याच विद्यापीठाच्या गेटावर बावरून उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना हात धरून आत नेलं ते सरांनी.

दर हिवाळ्यात पहिली बॅच त्या झाडांखाली हुरड्याला जमते. यंदा देशमुखांचा गुडघा धरला, झरीचे कदम लेकाकडे पुण्याला गेले. बाकीचे आता राहिले नाहीत. सर मात्र म्हणत होते, "कुणीतरी येतंच. एकजण तरी यायला पायजे, न्हाईतर बॅच मोडली म्हणायची."

मी सतरंजी अंथरली. गेटाकडून येणारी प्रत्येक रिक्षा सर उभं राहून बघत होते. एकही थांबली नाही. ऊन कललं, हुरडा गार झाला.

मी म्हणालो, "सर, ते शेडाचं सांगा ना."

"पाठ हाय तुला ते." मग सतरंजीवर टेकत, "तुझ्या बॅचमधी कोण कोण होतं रे?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी चार-पाच नावं घेतली. कोण कुठं असतं, ते काही मला सांगता येईना.

"नंबर हायत ना?"

"आहेत."

सरांनी हुरड्याचा द्रोण माझ्याकडं सरकवला.

"मग लाव फोन. एकेकाला लाव. मी बसलोय."