अधिकृत वायू

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा वायू केव्हा सरतो, हा प्रश्न मानवजातीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वायू सरला म्हणजे आतडं कामावर रुजू झालं, आणि ते रुजू झालं की रुग्णाला खायला द्यायला हरकत नसते. पूर्वी डॉक्टर हे रुग्णालाच विचारत, रुग्ण लाजत हो म्हणे आणि विषय संपे. इतक्या गंभीर बाबतीत रुग्णाच्या शब्दावर विसंबणं सर्जरीच्या प्राध्यापकांना अशास्त्रीय वाटलं, म्हणून त्यांनी संशोधन हाती घेतलं.

च्युइंगगम चघळल्याने वायू लवकर सरतो का, हे त्यांना पाहायचं होतं. निम्म्या रुग्णांना च्युइंगगम द्यायचं आणि उरलेल्यांना नुसता धीर. कोण चघळतंय हे नोंद घेणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून खाटेभोवती पडदा लावला आणि पडद्याबाहेर खुर्ची टाकून वायुनिरीक्षक बसवला. हा गृहस्थ आधी एक्स-रे विभागात होता. कान तिखट, एवढ्या गुणावर त्याला इकडे आणलं होतं. समितीने बऱ्याच बैठका घेऊन व्याख्या ठरवली. वायू आपणहून सरलेला, ऐकू येण्याजोगा आणि निरीक्षकाच्या उपस्थितीतला असावा. बाकी सगळे वायू अनधिकृत.

या संशोधनात एक निवृत्त हेडमास्तर दाखल झाले. त्यांच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ पुरती निघाली, हे ऐकून त्यांच्या बायकोने पदराने डोळे पुसले. आता चार घास पोटात गेले की माणूस उभा राहणार होता. हेडमास्तरांच्या वाट्याला च्युइंगगम आलं. वर्गात च्युइंगगम चघळणाऱ्या कित्येक पोरांना त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं. आता ते स्वतः तोंड मिटून, आवाज न करता, शास्त्रासाठी चघळू लागले.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा वायू सरला. चांगला खणखणीत सरला. दुर्दैवाने निरीक्षक तेव्हा कॅन्टीनमध्ये होता.

हेडमास्तरांनी मान खाली घालून प्राध्यापकांना तसं सांगितलं. प्राध्यापकांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं.

"सर, तुमच्यावर अविश्वास नाही. पण भुकेला माणूस काहीही सांगतो."

"मी ऐकलं ना, डॉक्टर," बायको म्हणाली.

"काकू, तुम्ही पडलात त्यांच्या घरच्या."

शेजारच्या खाटेवरचा रुग्णही साक्ष द्यायला तयार होता. पण तो याच संशोधनात होता आणि त्याचा स्वतःचा वायू अडकलेला होता, तेव्हा त्याचे हितसंबंध उघड होते. साक्ष फेटाळली.

त्यानंतर निरीक्षक खुर्ची सोडीना. आणि तो बसला की हेडमास्तरांच्या पोटातला वारा दबकून बसे. शाळातपासणीच्या दिवशी हुशार पोरंही अशीच मुकी होतात. चारचौघांत असलं काही करायचं नाही, हे आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं, ते आता आतड्यानेच मनावर घेतलं. पोटात कावळे कोकलत होते. कावळ्यांचा आवाज पडद्याबाहेर स्पष्ट ऐकू जाई, पण तो व्याख्येत बसत नव्हता. उठून बसलं की हेडमास्तरांना घेरी यायची. बायकोला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. गाठीतून वाचलेला आपला माणूस नियमाने जाणार, असं तिला वाटू लागलं. तिने चमचाभर चहासाठी हात जोडले. नियम सगळ्यांना सारखे, असं तिला अतिशय नम्रपणे सांगण्यात आलं.

मग प्राध्यापकांचा राउंड आला. लवाजमा पडद्याआड शिरला. टाके पाहून प्राध्यापक पायथ्याशी खाली पडलेलं पेन उचलायला वाकले, आणि आवाज झाला.

मग एकेक करून सगळ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. सर्वांत आधी प्राध्यापकांनी.

"अभिनंदन, सर," ते सरळ होत म्हणाले.

हेडमास्तरांच्या बायकोचा चेहरा लाल झाला. "अहो, पण हा तर..."

"गप्प बस," हेडमास्तर हळूच म्हणाले. "चहा येऊ दे."

पडद्याबाहेर निरीक्षकाचं पेन थबकलं होतं. आवाज खाटेवरून नव्हे, पायथ्याकडून आला, तोही उभ्या माणसाच्या उंचीवरून, हे त्याच्या तिखट कानांनी बरोबर टिपलं होतं. पण त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने वायू हेडमास्तरांच्या नावावर लिहिला.

चहा आला. हेडमास्तर तो पिताना रडले. भुकेने रडले की शरमेने, हे बायकोने विचारलं नाही.

पुढे निबंध छापून आला आणि परिषदेत टाळ्या पडल्या. ज्या पोटाला ना सुरी लागली ना च्युइंगगम, त्या पोटाचा वायू आता शास्त्रात जमा आहे. उद्या तुमच्या पोटावर टाके पडले आणि सिस्टरने हातात च्युइंगगम ठेवलं, तर ते या वाऱ्याच्या जोरावर आलंय हे ध्यानात असू द्या.

आणि इतक्यात नाक मुरडू नका. त्या दिवशी पडद्याआड तुम्ही असता, तर तुम्हीही हेडमास्तरांकडेच पाहिलं असतं.