शेगडीची फेरतपासणी

सुज्ञ वाचकहो, सरासरी म्हणजे काय, कुटुंब कशास म्हणावे, आणि एका कुटुंबाची दोन कुटुंबे कोणत्या शास्त्रीय पद्धतीने होतात, या विषयांचे निवेदन प्रस्तुत लेखात यथामती करण्यात येत आहे. लेखकाचे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असले, तरी मोजण्याच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या विभागात कोणी नाही, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो.

मी आरोग्य खात्यात डास मारण्याची फवारणी करतो. पाठीवर पंप, तोंडाला फडके, आणि मी गल्लीच्या तोंडाशी दिसताच खटाखट बंद होणाऱ्या खिडक्या, हेच माझे आजवरचे जनसंपर्काचे स्वरूप. अशा माणसास खात्याने एके दिवशी 'गणक' म्हणून नेमावे, हातात कागद लावायची फळी आणि पेन द्यावे, आणि लोकांनी त्याच खिडक्या उघडून "या ना, बसा ना" म्हणावे, यात केवढा सन्मान आहे हे ज्याने पंप वाहिला त्यालाच कळेल.

प्रसंग असा होता. आमच्या विभागातला पाण्याचा मोठा नळ जमिनीखाली कुजला होता आणि काविळीचे रुग्ण वाढत होते. आदल्या साली माझी पुतणी भिंगरी हिलाही कावीळ झाली होती. एरवी ती एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. पण त्या आजारात ती उशीसारखी पडून राहिली होती. सबब खात्याने ठरवले की घरोघर जाऊन कुटुंबे मोजावीत, शंभर कुटुंबांमागे किती कुटुंबांत आजार आहे ते काढावे, त्यावरून कोणत्या विभागाचा नळ आधी बदलायचा ते ठरवावे, आणि तोवर प्रत्येक कुटुंबास पाणी शुद्ध करण्याचा एकेक फिल्टर द्यावा.

आम्हा गणकांना शिकवण्यासाठी सांख्यिकी विभागाच्या बाई आल्या. मला मुलगी असती तर तिच्याएवढ्या वयाच्या, परंतु बोलणे असे की फळ्यालाही घाम फुटावा. त्यांनी सांगितले, "छप्पर बघू नका. चूल बघा. एका चुलीवरचं जे रोज जेवतात, ते एक कुटुंब. एका घरात दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. समजलं ना काका?"

वाचकहो, इतके सुंदर वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते. माझ्या स्थितीवरच कोणी निबंध लिहावा तसे ते होते. माझी पत्नी वारून बरीच वर्षे झाली. त्या दुःखाच्या तेराव्या की चौदाव्या दिवशी धाकट्या भावाच्या पत्नीने काही न बोलता स्वयंपाकघरात भिंतीलगत माझे ताट मांडले, आणि ते तेव्हापासून तिथेच मांडले जात होते. शेजारी भिंगरीचे. तिला नको असलेली भाजी माझ्या ताटात येई, आणि माझ्या ताटातला अंड्याचा पिवळा बलक तिच्या ताटात जाई. मी झोपतो बाहेरच्या खोलीत, पण कुटुंब कोणाचे, तर त्या चुलीचे. शास्त्राने आज त्यावर शिक्का मारला होता.

त्या दिवसापासून मी जेवताना घरच्यांस सरासरी समजावून सांगू लागलो. भाऊ म्हणाला, "दादा, घास तरी मोजू नकोस." मी त्याकडे दुर्लक्ष केले. विद्येची वाटचाल एकाकीच असते.

गणनेचा आरंभ शिंप्याच्या घरापासून झाला. शिंपी, त्याची पत्नी, तीन मुलगे, तीन सुना, आणि घरभर पसरलेली नातवंडे. सर्वांची शेगडी एक. मी 'कुटुंब एक' असे लिहिले. तेव्हा शिंपीणबाईंनी अत्यंत निरागसपणे विचारले की, समजा थोरली सून वेगळं शिजवायला लागली तर? मी शास्त्रास जागून उत्तर दिले की मग कुटुंबे दोन. आणि फिल्टर? फिल्टरही दोन. शिंपी कात्री खाली ठेवून आढ्याकडे पाहू लागला. माझ्या लक्षात काही आले नाही. मी पुढच्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने निरोप पाठवला की आपल्या मोजणीत चूक झाली आहे, कृपया पुन्हा यावे. गेलो, तो घरात चार शेगड्या! एक स्वयंपाकघरात, एक दाराआड, एक शिवणयंत्राच्या टेबलावर, आणि चौथी न्हाणीच्या उंबऱ्यावर, जिथे धाकटी सून छत्री उघडून बसली होती, कारण आत कोणीतरी आंघोळ करत होते. मी प्रत्येक भांड्याला हात लावून पाहिले. सगळी गरम. जे गरम आहे ते नोंदणे गणकास भाग आहे.

मग ती साथच पसरली, आणि काविळीपेक्षा वेगाने. भांड्यांच्या दुकानातल्या शेगड्या संपल्या. निवृत्त पोस्टमन आणि त्याची पत्नी ही दोघेच राहत असत, तीही दोन कुटुंबे झाली. त्याने आपल्या शेगडीवर चहा केला, तिने आपल्या शेगडीवर केला, आणि माझ्यादेखत दोघांनी कप बदलले. तिला त्याचा चहा आवडतो, असे तिने मला खाजगीत सांगितले. चष्मे विकणारा एकटाच राहतो. त्याने सकाळचा मी आणि संध्याकाळचा मी अशी दोन कुटुंबे लिहून घेण्याची विनंती केली, ती मी नियमात बसत नसल्याने फेटाळली. माझ्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायला जागा राहू नये अशी माझी दक्षता होती.

आणि ही दक्षताच मला माझ्या घरी नडली.

भावजय एका संध्याकाळी म्हणाली की तिच्या आईकडेही पाणी तसलेच येते, आणि ती विभागाबाहेर राहत असल्याने तिला फिल्टर मिळायचा नाही. तर भाऊजींनी आपल्या घराची दोन कुटुंबे लिहावीत, सगळेच लिहून घेताहेत. मागणी लहान होती. तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरे काही मागितलेले नाही. मी फळी छातीशी धरून म्हणालो की असत्य मी लिहिणार नाही. चूल खरोखर वेगळी असेल तरच लिहीन.

भाऊ म्हणाला, "अरे दादा, नुसतं लिहायचं आहे."

"नुसतं काही लिहायचं नसतं," मी म्हणालो.

भावजयीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग मांडू या खरीच. आठवडाभराचा तर प्रश्न."

अशा रीतीने बाहेरच्या खोलीत, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी, एक छोटी शेगडी आली. पहिल्या दिवशी सर्वांना मौज वाटली. भिंगरी माझा भात पाहून इतकी हसली की तिला उचकी लागली. भात वरून कच्चा होता, खालून काळा होता, आणि मधोमध त्याला काय म्हणावे ते मला ठरवता आले नाही. मी नोंद केली: कुटुंबे दोन. एकात सदस्य तीन, दुसऱ्यात एक.

इकडे खात्यात आकडे पोचले आणि आनंदीआनंद झाला. आमच्या विभागात पूर्वी कुटुंबामागे माणसे सरासरी पाच होती. ती अडीचवर आली होती. मोठ्या साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला की लहान कुटुंबाचा खात्याने इतकी वर्षे केलेला प्रचार एकदाचा लोकांच्या डोक्यात उतरला. माझा सत्कार करण्याचे घाटू लागले. मला कोट नव्हता, म्हणून शिंप्याने माप घेतले.

फक्त सांख्यिकीच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बोलावून कागद पुढे केला आणि विचारले की शंभर कुटुंबांमागे आजार निम्म्यावर आला, तर बरे कोण झाले? मी पुष्कळ आठवून पाहिले. कोणीच बरे झालेले नव्हते. आजारी माणसे होती तेवढीच होती, फक्त ज्याने भागायचे ती कुटुंबे दुप्पट झाली होती. बाई म्हणाल्या, "काका, या आकड्यावर तुमच्या विभागाचा नळ यादीतून काढायचं चाललंय." एवढे बोलून त्यांनी फेरतपासणी जाहीर केली. त्या स्वतः येऊन घरोघर चुली पाहणार होत्या. कधी ते सांगणार नव्हत्या.

मी भीतीने अर्धा झालो. आठवडा उलटून गेला होता, शेगडी उचलायची वेळ आली होती; पण बाई यायच्या आत मी आत जाऊन जेवलो असतो, तर माझी स्वतःची नोंद खोटी ठरली असती. इतरांचे काहीही होवो, गणकाचे घर तरी लिहिल्याप्रमाणे असले पाहिजे, असा मी निश्चय केला.

त्याच सुमारास एका संध्याकाळी भिंगरी दोन्ही हातांत वाटी धरून, जिभेचे टोक बाहेर काढून, सांडू न देता हळूहळू चालत आली. या मुलीला मी हळू चालताना प्रथमच पाहिले. वाटीत बटाट्याची भाजी होती. वर अंड्याचा पिवळा बलक ठेवलेला.

"काका, आईने दिलीय. आणि हा बलक माझा."

वाचकहो, वास अतिशय चांगला येत होता. परंतु त्या चुलीचे अन्न या चुलीच्या माणसाने खाल्ले म्हणजे कुटुंब एकच, हे मला पाठ होते. मी म्हणालो, "नको बाळ. परत ने. आता मला तिथलं चालत नाही."

'फेरतपासणी होईपर्यंत' हे शब्द मी मनात पूर्ण उच्चारले होते. तोंडाने उच्चारले की नाही, याबद्दल माझी आता खात्री राहिलेली नाही. भिंगरी तशीच हळूहळू परत गेली. आत भांड्याचा आवाज झाला.

त्यानंतर वाटी आली नाही.

पुढे खात्याने फिल्टरांचा हिशेब केला, आणि इतकी कुटुंबे पाहून हात टेकले. प्रत्येक इमारतीला मिळून दाराशी एक मोठा फिल्टर बसेल, कुटुंबांचा त्याच्याशी संबंध नाही, असे जाहीर झाले. त्याच संध्याकाळी विभागभर शेगड्या उचलल्या गेल्या. शिंप्याच्या धाकट्या सुनेने छत्री मिटली. पोस्टमनच्या पत्नीने आपली शेगडी विकली आणि ती नवऱ्याच्या हातचा चहा उघडपणे पिऊ लागली. दुकानदार हात जोडत होता, पण शेगड्या परत घेत नव्हता.

आता नोंदच दुरुस्त करू असे ठरवून मीही शेगडी विझवली, हातपाय धुतले, आणि पलंगावर बसून राहिलो. आतून ताटांचा आवाज येत होता. वर्षानुवर्षे मला कोणी जेवायला बोलावले नव्हते, कारण तशी गरजच नव्हती. ताट दिसले की मी उठत असे. आता दार लोटलेले होते आणि ताट दिसत नव्हते. मी एकदा खोकलो. भाऊ बाहेर आला, विझलेल्या शेगडीकडे पाहून म्हणाला, "जेवलास वाटतं?"

मी म्हणालो, "हो. केव्हाच."

तो "बरं" म्हणून आत गेला. मी शेगडी पुन्हा पेटवली.

असे पुष्कळ दिवस गेले. त्यांना वाटत असावे, याला आपले अन्न नको झाले. मला वाटे, यांना माझ्यावाचून मोकळे वाटते; जेवताना सरासरी ऐकायला नको. आम्ही एकमेकांशी फार सौजन्याने वागू लागलो होतो. घरात एवढे सौजन्य पूर्वी कधीच नव्हते.

आणि एका संध्याकाळी बाई आल्या. सबंध विभाग पाहून त्या सर्वांत शेवटी आमच्याकडे आल्या होत्या. सरासरी पुन्हा पाचावर आली होती, आजाराचा आकडा होता तिथे परतला होता, नळ बदलायचे नक्की झाले होते. त्या दमून माझ्याच पलंगाच्या कडेला टेकल्या. भाऊ दारात उभा होता, त्याच्यामागे भावजय, तिच्या पदराआड भिंगरी.

"चूल एक की दोन?" बाईंनी विचारले.

भावाने भावजयीकडे पाहिले. भावजय म्हणाली, "भाऊजींना विचारा. नियम त्यांनाच ठाऊक." तिचा आवाज रागाचा नव्हता. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि माझ्याकडे पाहत होती. भिंगरीही पाहत होती. मला त्या क्षणी स्वच्छ कळले की मी काय म्हणावे याची ती तिघेही वाट पाहत आहेत.

मी उभा राहिलो. मी 'एक' म्हणणार होतो. 'ए' उच्चारण्यासाठी माझे तोंड उघडलेले होते, हे बाईंनीही पाहिले असेल. तेवढ्यात पलंगाच्या पायथ्याशी माझा भात उतू गेला. झाकण खाली पडून गोल गोल फिरले, पेज शेगडीवर ओघळली, आणि चर्र असा आवाज होऊन खोलीभर वाफ झाली. सगळ्यांनी तिकडे पाहिले. बाईंनी वाकून भांड्याला बोट लावले आणि चटका बसल्याने झटकले.

"दोन," त्या म्हणाल्या, आणि लिहिले.

जे गरम आहे ते नोंदणे भागच होते. भाऊ फडके घेऊन आला, आम्ही दोघांनी मिळून पेज पुसली, आणि मग तो आत गेला.

नळ बदलून झाला आहे. भिंगरी आता शाळेतून पळतच येते आणि पळतच आत जाते. साहेबांनी सत्कार रद्द केला, पण कोट शिवून झाला होता, तो मी थंडीत घालतो. विभागाच्या अहवालात माझे कुटुंब आहे: सदस्य एक, सरासरी एक, सर्वांत जास्त एक, सर्वांत कमी एक. बाई म्हणतात, इतका अचूक आकडा सबंध अहवालात दुसरा नाही.

फक्त भाताचे जमत नाही. किती वेळा मोजून घातला, तरी तो दोघांचा होतो. तेवढ्यासाठी मी एक वाटी घेतली आहे, आणि ती भरून आतल्या दाराशी उभाही राहतो. मग तो निवतो, तेव्हा मी परत येतो. आजही तो उतू जाण्याच्या बेतात असल्याने लेखणी आवरती घेणे प्राप्त आहे. मोजण्याच्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही असे मी आरंभी लिहिले आहे. ते वाक्य वाचकांनी कृपया वाचले नाही असे समजावे.

एवढा वेळ बसून ऐकून घेतल्याबद्दल आभार. हल्ली मला तशी सवय राहिलेली नाही.

आपला नम्र,
सरासरीकाका
(बाहेरची खोली)