शेवटात काय ठेवलंय

सोनकांबळे काकांनी जन्मात एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. नाटकं मात्र इतकी पाहिली होती, की लातुरात कर्णा लावलेली जीप फिरायला लागली की लोक तिकीट काढायच्या आधी त्यांना विचारायचे. काका तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारायचे आणि निकाल द्यायचे. चांगलं असलं तर "बिल्कुल कडक". वाईट असलं तर "फिक्कं वरण". तिसरा शेरा मी कधी ऐकला नाही.

पण तिसरा अंक रंगात आला, नायिका शेवटचं बोलायला उभी राहिली, की हा माणूस उठायचा. पायानंच चपला चाचपायचा, आणि "सरका, सरका" म्हणत सगळ्या रांगेचे पाय तुडवत बाहेर जायचा. एकदा माझ्या करंगळीवर पाय पडला तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, "काका, एवढं अडीच अंक बसता, मग अर्ध्या अंकानं काय घोडं मारलंय?"

काका शांतपणे म्हणाले, "शेवटात काय ठेवलंय, बाई? अॅक्टिंग पाहायची. शेवट काय, घरी बी होतो."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे गल्ली मला बाई म्हणते. काका-काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेरीला कारकून हवे होते, तसे काका हदगावहून बदली होऊन आले. हदगावला असताना ते नाटकासाठी नांदेडला जायचे, आणि हदगावची शेवटची बस काही नाटक संपायची वाट बघत नसे. म्हणून मधूनच उठायची सवय लागली, असं ते सांगायचे. आम्ही मान डोलवायचो. पण लातुरात हॉलपासून घर चालत जाण्यासारखं. इथं यांची कुठली बस चुकत होती, हे कुणालाच कळत नव्हतं.

जिल्हा झाला आणि पाऊस रुसला. गल्लीत टँकर यायचा. तो येईपर्यंत घागरींची रांग लागायची आणि रांगेत बायकांची जुंपायची. ती भांडणं काकांनी मोडली. कचेरीतून आले की दोन बादल्या घेऊन ते रांगेत उभे राहायचे आणि परवाचं नाटक सांगायला लागायचे. सासू आली की कमरेत वाकायचे, नायिका आली की खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घ्यायचे. गाणीसुद्धा म्हणायचे, आणि ती ऐकवत नसत. काकू ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. मान वर करायच्या नाहीत, पण घरी त्यांना आधी सांगितलेलं काही काकांनी गाळलं की त्यांचे हात थांबायचे. मग काका मुकाट्यानं मागं जाऊन ते गाळलेलं सांगायचे.

काकांच्या प्रत्येक नाटकाचा शेवट मात्र एकच. रुसलेलं माणूस परत यायचं, हरवलेलं सापडायचं, आणि मग सगळे जेवायला बसायचे. राजाराणीचं नाटक असो की खुनाचं. खुनाच्या नाटकात शेवटी इन्स्पेक्टर पिठलं-भाकर खाऊन गेल्याचं मला चांगलं आठवतं.

त्यातलं एक नाटक बायकांच्या फार आवडीचं होतं. लग्नासाठी घर सोडून गेलेली मुलगी, तिच्यासाठी दार लावून घेतलेला बाप. गल्लीतल्या दोघी लग्नाला नांदेडला गेल्या तेव्हा ते नाटक पाहून आल्या, आणि आल्या त्या फणफणतच.

"पार बिघडवून टाकलंय," त्यातली एक म्हणाली. "पोरगी उंबऱ्यावरच मरती. आपल्या काकांच्यात कशी चांगली पोटभर जेवती."

नांदेडच्या लोकांना रडायची हौस असावी, असं रांगेत ठरलं. आणि तेच नाटक रविवारी दुपारी लातुरात लागणार असं कळल्यावर सगळ्यांनी मिळून जायचंही ठरलं. आपलं लातूरचं तरी नीट असेल, असा त्यांचा भरवसा. तेवढ्यात काकूंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. त्या आजवर एकाही नाटकाला गेल्या नव्हत्या.

"मी बी येते," त्या म्हणाल्या.

काकांची बादली रांगेतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले.

"बाई, एक काम करा. तिला थांबवा. टँकर येणार हाय म्हणा, पाहुणे येणार म्हणा, काय बी म्हणा."

"पण का, काका?"

काका पायरीवरची माती बोटानं उकरत बोलायला लागले. "आमची एक पोर होती. हदगावला, तापात गेली. तवापासून हिनं जेवण सोडलं. ताट समोर घ्यायची, पाहत बसायची, सारून द्यायची. मला घरात बसवंना. एक दिवस उठलो अन् नांदेडला नाटकाला गेलो. बस गाठायची म्हणून मधीच निघालो. घरी आलो तर ही तशीच, भिंतीला टेकून. काय बोलावं सुचंना, म्हणून नाटक सांगून राहिलो. त्यातली पोर घर सोडून गेलेली. पुढचं मला कुठं ठाऊक? मी म्हणलं, आली परत. आईनं ताट वाढलं, बसली जेवायला. तर ही मला इचारती, 'काय वाढलं?' मी म्हणलं, पिठलं-भाकर. तवा उठली बगा. चूल पेटवली. त्या दिवशी दोन घास खाल्ले तिनं."

"खरा शेवट पाहिला तर मला दुसरा सांगता यायचा न्हाई," काका म्हणाले. "मला खोटं जमत न्हाई, बाई. म्हणून पाहतच न्हाई. आता ती सोता पाहणार."

मी माझ्याकडून प्रयत्न केले. टँकरचं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, शेजारणीला घागरी देऊन ठेवल्यात. उन्हाचं सांगितलं, तर त्यांनी छत्री काढली. रविवारी काका मला घेऊन आधीच हॉलवर गेले आणि आत जाऊन नाटकाच्या मॅनेजरला भेटले. आजच्या दिवस पोरीला जगवा, एवढीच विनंती. मॅनेजर म्हणाला, ती मेल्याशिवाय आमचा पडदा पडत नाही. काका बाहेर आले आणि मला म्हणाले, "फिक्कं वरण."

काकू आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. पेटीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. काकांनी त्या दिवशी स्टेजकडं पाहिलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष काकूंच्या तोंडाकडं. तिसऱ्या अंकात मुलगी खोकत खोकत दाराशी आली. काकांची उठायची जागा हीच. पण आज ते उठेनात, खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. स्टेजवर मुलगी उंबऱ्यापाशी खाली बसली. आता काकू पुन्हा ताट सारायला लागणार, अशी मला भीती वाटली.

काकू उठल्या. छत्री काखेत मारली, पदर खोचला.

"उठा," त्या काकांना म्हणाल्या. "बस निघून जाईल."

आणि "सरका, सरका" म्हणत, सगळ्या रांगेचे पाय तुडवत त्या बाहेर निघाल्या. मागं काका, आणि काकांच्या मागं मी.

बाहेर रखरखीत ऊन होतं. हॉलमधून बायकांच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. काकूंनी छत्री उघडून काकांच्या डोक्यावर धरली आणि चालायला लागल्या.

"मग? आली का ती घरात?"

"आली," काका म्हणाले.

"बापानं दार उघडलं?"

"उघडलं. तो दारामागंच उभा होता."

"काय वाढलं?"

काकांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि चालत राहिले.

"पिठलं करते आज," काकू म्हणाल्या. "आपल्या पोरीला लई आवडायचं."

काकू मागं वळून म्हणाल्या, "बाई, तुमी बी चला."

घरी गेलो. चूल पेटली, भाकरी भाजल्या. आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो.