उलोफरावांच्या भिंतीवरची शकूवहिनी

"ही परवाचीच बया आहे. कपाळ बघ की तिचं!"

मी चहा करायला खाली उतरत होते, ती जिन्यातच थांबले. वाटलं, शेजारच्या बाईंबद्दल चाललंय. मग काकू म्हणाल्या, "अहो, साप बघत पोहे खाऊ नका, ठसका लागेल."

परचुरेकाका माझ्या घरमालकीण नेहाताईंचे वडील. नातीला बघायला काकूंना घेऊन दोन महिन्यांसाठी पुण्याहून मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीला आले आणि कोविडमुळे विमानं बंद झाली. बातम्या बघून त्यांचं बीपी वाढायला लागलं, तेव्हा नेहाताईंनी त्यांना इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. स्वीडनच्या उत्तरेकडची माणसं उन्हाळ्यात साप शोधून त्यांचे फोटो टाकतात, असा तो ग्रुप. नेहाताईंना तो पक्ष्यांचा वाटला होता.

काकांना साप सोडा, मागच्या अंगणात निळ्या जिभेचा सरडा आला तेव्हा ते आठवडाभर कपडे वाळत घालायला गेले नव्हते. पण बँकेत तीस वर्षं त्यांनी चेकवरच्या सह्या जुळवल्या होत्या. तिकडच्या ॲडर सापाच्या डोक्यावर गडद खुणा असतात आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. ॲडर म्हणजे आपल्या घोणशीचं थंड मुलखातलं भावंड.

"सहीच आहे ती," काका म्हणायचे. "आणि माणसापेक्षा बरी. घाईत असला म्हणून साप वेगळी सही करत नाही."

महिन्याभरात त्या ग्रुपमध्ये काकांनी बघितल्याशिवाय कुठलाच साप यादीत चढेना. त्यांच्या वहीत प्रत्येक सापाला एक पान आणि एक नाव होतं. मोठेसाहेब, विमावाला, शकूवहिनी. उत्तरं मी टाईप करायचे. माझं काम घरूनच चालायचं, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी असल्यामुळे जायचं कुठेच नव्हतं. काका सांगायचे, "लिही. रिस्पेक्टेड सर, युअर स्नेक इज इन ऑर्डर." मी एकदा वाक्य बदलायला गेले. "असू दे," ते म्हणाले. "त्यांना सवय झालीय. तू बरी आहेस, मध्ये बोलत नाहीस."

चूक मात्र त्यांना सोसायची नाही. काकू गेल्या मंगळवारची गोष्ट सांगायला लागल्या की हे आतून ओरडायचे, "बुधवार!" एकाने मागच्या वर्षीचा साप आजचा म्हणून टाकला, तर काकांनी दोन्ही फोटोंची कपाळं शेजारी शेजारी लावून त्याला असं काही उघडं पाडलं की तो ग्रुप सोडून गेला.

शकूवहिनी उलोफच्या दगडी भिंतीवर ऊन खायच्या. उलोफ एकटा राहणारा म्हातारा, काकांच्याच वयाचा. आमच्या घरात त्याला उलोफराव म्हणायचे. त्याचा रोज एक फोटो यायचा. जूनमध्ये शकूवहिनींच्या डाव्या डोळ्यावर जखमेची मोठी खूण आली. ऑगस्टच्या फोटोंत ती खूण नव्हती. सगळे फोटो मीच जपून ठेवत होते, म्हणून मी मागे जाऊन पाहिलं. मे महिन्यातलेच फोटो तो थोडे कापून पुन्हा पाठवत होता.

काकांना हे दिसलं नसेल? ते रोज सांगायचे, "लिही, आज वहिनी तुकतुकीत दिसताहेत." एक दिवस वही माझ्याकडे राहिली. वहिनींच्या पानावर जुलैपासूनच्या प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: जुना फोटो. यादीत नाही.

मग एका दुपारी उलोफने वेगळाच साप टाकला. काळा, बिनविषारी, आपल्या दिवडीच्या जातीचा. इतक्या उत्तरेला तो फार दुर्मीळ. ग्रुप आनंदाने वेडा झाला. फक्त एकाने विचारलं, फोटो या आठवड्यातला आहे का? परचुऱ्यांनी सांगावं.

काकांनी चष्मा काढला. "हा त्याच्या बायकोने काढलाय. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी. मे महिन्यात मला एकट्याला पाठवला होता."

"मग लिहा तसं," काकू म्हणाल्या.

"चारचौघांत त्याला खोटा पाडू? आणि हो म्हटलं तर नोंद खोटी." ते माझ्याकडे वळले. "तो माणूस भिंतीपर्यंतसुद्धा जात नाहीये. का जात नाहीये, हे कुणी विचारलंय का?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "लिही. फोटो इज अंडर व्हेरिफिकेशन. काइंडली वेट."

मी लिहिलं. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. उलोफचा फोन नंबर होता. "चारदा लावला," ते हळूच म्हणाले. "रिंग वाजली की कापतो. समोर माणूस आला की माझं इंग्रजी पळून जातं."

काकूंनी भाजीखालचा गॅस बंद केला.

चार वाजले होते. तिकडे सकाळचे आठ. मी नंबर लावला. काका खुणेने विचारत होते, काय सांगणार? बऱ्याच रिंगनंतर पलीकडे कुणीतरी खोकलं, आणि एक दमलेला आवाज आला.

"गुड मॉर्निंग, उलोफ," मी म्हणाले. "परचुऱ्यांच्या घरून बोलतेय. साप राहू द्या. तुम्ही कसे आहात?"